मोहरीचा रंग कोणता?

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने वर्षभर साठविलेल्या पैशांतून आजीसाठी लोकरीची शाल घ्यावयाचे ठरविले. आजीला भडक रंग आवडत नसत. गडद, काळपट, डोळ्यांना न टोचणारा रंग असला, म्हणजेच ते वस्त्र तिला आपले वाटे. गावात तशी शाल मिळाली नाही, म्हणून मुलीने वडिलांच्या मोबाइलवर एका दूरच्या दुकानाची यादी उघडली. चित्र एकाच शालीचे होते. बाकीच्या रंगांची केवळ नावे दिली होती : टील, मरून, बेज, रस्ट, मिडनाइट आणि मस्टर्ड. यांपैकी शेवटचा शब्द तिला ठाऊक होता. मस्टर्ड म्हणजे मोहरी. मोहरी तर मिसळणाच्या डब्यात रोज दिसते. बारीक, गोल, काळपट तांबूस. आजीला शोभेल असाच रंग! तिने मोठ्या उत्साहाने मागणी नोंदविली. चार दिवसांनी पुडके आले. ते उघडताच मुलीचा चेहरा उतरला. शाल पिवळी होती.

असा प्रसंग आज कोणाच्याही घरी घडू शकेल. येथे चूक कोणाची, हा प्रश्न सहजच मनात येतो. मुलीने शब्दाचा अर्थ चुकीचा लावला नव्हता. मस्टर्ड म्हणजे मोहरीच. दुकानदारानेही खोटे सांगितले नव्हते. बाजारात त्या मळकट पिवळ्या रंगाला मस्टर्ड असेच म्हणतात. दोघेही खरे बोलले, आणि तरीही एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोचले नाही. इंग्लंड-अमेरिकेतील माणसाच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकताच मोहरीचा दाणा उभा राहत नाही. मोहरी वाटून, तीत व्हिनेगर आणि पुष्कळदा हळदही घालून केलेली पिवळी चटणी तेथे जेवणाच्या टेबलावर असते; तीच त्याला आठवते. शब्द एक, पण स्वयंपाकघरे दोन! विचित्र वाटणाऱ्या रंगनामांचे सारे कोडे या एका शालीच्या घडीत सापडते.

रंग ही डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे. गुळाची गोडी जशी चाखल्यावाचून सांगता येत नाही, तसाच रंगही पाहिल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून माणसाने फार पूर्वीच एक युक्ती शोधली. तो रंगाचे वर्णन करीत बसला नाही. तो रंग ज्या वस्तूत दिसतो, त्या वस्तूकडे त्याने बोट दाखविले. राखेसारखा तो राखाडी, विटेसारखा तो विटकरी, तपकिरीसारखा तो तपकिरी, शेंदरासारखा तो शेंदरी. तांबडा हा शब्द तांब्याची आठवण देतो, जांभळा जांभळाची, आकाशी आकाशाची. अबोलीच्या फुलांनी एका रंगाला नाव दिले, पोपटाने दुसऱ्याला, मोराच्या पिसाने तिसऱ्याला, आणि पारव्याने चौथ्याला. मराठी माणसाच्या घराभोवती, शेतात, बागेत आणि स्वयंपाकघरात जे जे होते, ते ते रंगाच्या पेटीत आले. रंगाचे नाव म्हणजे वस्तूकडे दाखविलेले बोट होय.

परंतु बोट दाखविले म्हणजे काम संपले, असे नाही. बोट वस्तूच्या नेमक्या कोणत्या भागाकडे आहे, हेही पाहावे लागते. पोपटाची चोच लाल असते; तरीही पोपटी म्हणजे हिरवाच, कारण नाव त्याच्या पिसांवरून पडले. झाडावरचे लिंबू हिरवे असते. पण लिंबू रंग म्हणजे पिकलेल्या लिंबाचा पिवळा. झाडाला लागलेला पिकला रातांबा लालचुटूक दिसतो. त्याची साल उन्हात वाळवून आमसूल झाले, की ती काळपट जांभळी होते, आणि आमसुली रंग तो हा. केशराची गोष्ट तर याहून मौजेची आहे. केशराची काडी गडद लाल असते. ती दुधात भिजली, की दूध पिवळे होते. आणि केशरी म्हणून जो रंग ओळखला जातो, तो या दोहोंच्या मधला, नारिंगीकडे झुकणारा असतो. हे सारे मराठी मूल कोणी न शिकविता शिकते, म्हणून त्याला त्यात काही अवघड वाटत नाही. परक्या माणसाला मात्र आमसुली हा शब्द, मस्टर्डइतकाच चकवणारा ठरेल.

काही नावे तर वस्तूकडे बोटही दाखवीत नाहीत. साड्यांच्या दुकानात राणी रंग मागितला, की विक्रेता झळझळीत गुलाबी साडी पुढे टाकतो. राणीचा आणि गुलाबीचा संबंध काय, असे कोणी विचारीत नाही. गुलबक्षीचे फूल पांढरे, पिवळे आणि गुलाबीही असते. तरी गुलबक्षी रंग एकच, तो जांभळ्या छटेचा गडद गुलाबी. संक्रांतीला नेसावयाच्या काळ्या साडीला चंद्रकळा हे नाव ज्याने दिले, त्याने तर काळोखातच चांदणे पाहिले. ही नावे काव्यमय आहेत, आणि तरीही त्यांनी कोणाची फसवणूक केली नाही. कारण विणणारा, विकणारा आणि नेसणारी या तिघांनाही त्यांचा अर्थ ठाऊक होता. जेथे संकेत सर्वांना माहीत असतो, तेथे नाव कितीही कल्पनारम्य असले तरी चालते. जेथे संकेत एकालाच माहीत असतो, तेथे साधे नावही फसवे ठरते.

यावरून कोणी असे समजेल, की परकी नावेच दोषी आहेत. आपली तेवढी चांगली. हेही खरे नाही. खाकी हा शब्द फारसी आहे. खाक म्हणजे धूळ किंवा माती. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीत मिसळून जाणारा मळकट पोशाख घेतला, आणि पुढे तो रंग जगभरच्या सैन्यांत पोचला. आज महाराष्ट्रातील लहान मूलही पोलिसाचा खाकी गणवेश ओळखते. किरमिजी आणि फिरोजी हेही बाहेरूनच आलेले शब्द होत. उलट भारतातून बाहेर गेलेलेही शब्द आहेत. प्राचीन ग्रीक लोकांना नीळ भारतातून मिळे, म्हणून त्यांनी तिला 'भारतीय' या अर्थाचे नाव दिले. इंग्रजीतील इंडिगो हा शब्द त्यावरूनच आला. संस्कृतातील 'नारंग' हा शब्द फारसी, अरबी असा प्रवास करीत युरोपात गेला आणि इंग्रजीत ऑरेंज झाला. हे फळ येण्यापूर्वी इंग्रजांजवळ त्या रंगाला स्वतंत्र नाव नव्हते. म्हणूनच रॉबिन नावाच्या त्यांच्या लाडक्या पक्ष्याची छाती नारिंगी असूनही, ते आजवर तिला लाल म्हणत आले आहेत. शब्द कोठून आला, याने काही बिघडत नाही. तो ज्याच्या कानांवर पडतो, त्याला तो कळतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कधी कधी असेही होते, की नाव राहते आणि ज्यावरून ते पडले ती गोष्ट विसरली जाते. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत कोयनेल तयार करण्याचा प्रयत्न करीत होता. कोयनेल तयार झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ तेवढा उरला. तो धुताना पर्किनला सुंदर जांभळा रंग दिसला. पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग तो हाच. पुढे तो मॉव्ह या नावाने ओळखला जाऊ लागला. मॉव्ह हे एका फुलाचे फ्रेंच नाव आहे. जास्वंद आणि भेंडी यांच्याच कुळातील ते फूल आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये एक गडद गुलाबी रंग निघाला. १८५९ मध्ये उत्तर इटलीतील मजेंटा या गावाजवळ मोठी लढाई झाली होती. तिच्या आठवणीने या रंगाला मजेंटा हे नाव मिळाले. आज छापखान्यात रंगीत चित्रे ज्या चार शाईंनी छापतात, त्यांतील एक मजेंटा असते. ती शाई रोज वापरणाऱ्या किती जणांना त्या रणांगणाची आठवण होत असेल?

मग यादीत अशी अनोळखी नावे आढळली, तर वाचकाने काय करावे? गोंधळून जाऊ नये, आणि माहीत असल्याचा आवही आणू नये. त्याने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हे नाव कोणत्या वस्तूवरून पडले? दुसरा : त्या वस्तूचा कोणता भाग, आणि कोणत्या अवस्थेतील? तिसरा : ती वस्तू कोणाच्या घरची, नाव देणाऱ्याच्या की नाव ऐकणाऱ्याच्या? या तीन किल्ल्यांनी बहुतेक कुलुपे उघडतात.

त्या मुलीपुढील यादीच पाहावी. टील हे एका लहान बदकाचे नाव आहे. युरोपात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. हिवाळ्यात ते उजनीसारख्या महाराष्ट्रातील जलाशयांवरही उतरते. त्याचे सारे अंग मात्र टील रंगाचे नसते. नराच्या डोळ्याभोवती जो निळसर हिरवा पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडले. मरून हा शब्द चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून आला. आज त्याचा अर्थ तपकिरीकडे झुकणारा गडद लाल असा होतो. बेज हे मूळचे रंगाचे नव्हे, तर कापडाचे नाव. न रंगविलेल्या, जशीच्या तशी विणलेल्या लोकरीला फ्रान्समध्ये बेज म्हणत. म्हणून बेज म्हणजे फिकट, पिवळसर मातकट रंग. रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज; येथे वस्तू दोन्ही घरची एकच, म्हणून अर्थ लगेच कळतो. मिडनाइट म्हणजे मध्यरात्र. मध्यरात्र सर्वत्र असते, पण मराठी माणूस तिला काळीकुट्ट म्हणेल आणि कापडाचा व्यापारी तिला गडद निळी म्हणेल. यादीतील सहा नावांपैकी एकही खोटे नाही. प्रत्येकात एक वस्तू दडली आहे. ती शोधावी लागते.

तरीही काही नावांत शोधूनही काही सापडत नाही. एखाद्या भिंतीच्या रंगाला 'शांत दुपार', एखाद्या ओढणीला 'पहिले स्वप्न' असे नाव दिले, तर वाचकाने त्यातून काय समजावे? दुपार पिवळी की पांढरी? स्वप्नाचा रंग कोणता? अशी नावे रंग दाखविण्यासाठी नसतात; ती मनाला भुरळ घालण्यासाठी असतात. विक्रेत्याची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. निळ्याच्या वीस छटा दुकानात असतील, तर प्रत्येकीला काही तरी वेगळे नाव द्यावेच लागते. आणि माणूस केवळ गरजेसाठीच नव्हे, तर हौसेसाठीही वस्त्र घेतो. चंद्रकळा हे नाव आवडणाऱ्या भाषेने नव्या कल्पनेला नावे ठेवणे योग्य नव्हे. परंतु हौसेच्या नावाशेजारी 'फिकट निळा' हे दोन साधे शब्द लिहिण्यास विक्रेत्याला असे किती कष्ट पडणार? सुंदर नाव ठेवावे. पण त्याच्या आडोशाने माहिती लपवू नये. भारतातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. ज्याच्यापाशी पैसा थोडा असतो, त्याला तर या हक्काची अधिक गरज असते. श्रीमंताला नको असलेली शाल कपाटात पडून राहते. त्या मुलीची मात्र वर्षभराची बचत तीत गुंतली होती.

रंगाचे नाव प्रामाणिक कसे असावे, याचा एक जुना नमुना आहे. १८१४ साली एडिंबरो येथील पॅट्रिक साइम या चित्रकाराने रंगनामांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. अब्राहम वेर्नर या जर्मन भूशास्त्रज्ञाच्या पद्धतीवर ते आधारलेले होते. त्यात शंभराहून अधिक रंग होते, आणि प्रत्येक रंगाच्या नावापुढे रंगाचा लहान नमुना चिकटविलेला होता. एवढ्यावरच साइम थांबला नाही. तो रंग कोणत्या प्राण्यात, कोणत्या वनस्पतीत आणि कोणत्या खनिजात आढळतो, हेही त्याने शक्य तेथे लिहून ठेवले. फूल माहीत नसेल, तर वाचकाने पक्षी आठवावा. पक्षीही माहीत नसेल, तर दगड पाहावा. १८३१ साली बीगल जहाजातून जगप्रवासास निघालेल्या चार्ल्स डार्विनने हे पुस्तक बरोबर घेतले होते. दूरच्या समुद्रातील पाण्याचा आणि प्राण्यांचा रंग घरी बसलेल्या माणसाला कळावा, म्हणून तो त्यातील शब्द वापरी. साइमला ठाऊक होते, की नाव लिहिणाऱ्यासाठी नसते. ते वाचणाऱ्यासाठी असते.

यापुढे जाऊन कोणी म्हणेल, की नावांची ही कटकटच नको; प्रत्येक रंगाला क्रमांक द्यावा. काही ठिकाणी हे आवश्यकच असते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने भारताचा राष्ट्रध्वज स्वीकारला. त्याच्या वरच्या पट्ट्याचा रंग केशरी. पण केशराची काडी लाल आणि दूध पिवळे, हे वर आलेच आहे. प्रत्येक विणकराने आपल्या मनातील केशरी वापरला असता, तर दर गावी निराळा ध्वज फडकला असता. म्हणून ध्वजाचे मानक तयार झाले, आणि त्यात रंगांच्या छटा आकड्यांनी बांधून देण्यात आल्या. मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावरही रंग आकड्यांनीच ठरतात. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा होतात. एवढी नावे कोणत्याही भाषेत सापडणार नाहीत.

परंतु आकडा यंत्राशी बोलतो, माणसाशी नव्हे. कोणतीही मुलगी आपल्या आजीला अमुक क्रमांकाची शाल आवडते, असे म्हणणार नाही. शिवाय आकडा तोच असूनही दोन मोबाइलवर रंग दोन प्रकारचे दिसतात. दिव्याखाली जे कापड हिरवे वाटते, ते उन्हात निळसर निघते. जुनी जाणती माणसे कापड घेताना ते दुकानाच्या दारापाशी नेत आणि दिवसाच्या उजेडात पाहत, ते उगाच नव्हे. तेव्हा आकडाही हवा, चित्रही हवे; पण त्यांच्याबरोबर माणसाला कळणारे नावही हवेच.

नाव नीट नसले, तर केवळ पैशाचेच नुकसान होते, असे नाही. काही नावे मनाला लागतात. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असे. त्याचे नाव 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग. कोणाच्या अंगाचा? गोऱ्या मुलांच्या अंगाशी तो काहीसा जुळे. काळ्या-सावळ्या मुलांच्या अंगाशी तो मुळीच जुळत नसे. समान हक्कांची चळवळ तेथे जोर धरीत असताना, १९६२ मध्ये त्या खडूचे नाव बदलून 'पीच' असे एका फळाचे नाव ठेवण्यात आले. त्याच पेटीतील 'इंडियन रेड' या खडूचे नाव खरोखर भारताशी निगडित असलेल्या तांबूस रंगद्रव्यावरून पडले होते. पण पुष्कळ मुले तो अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कातडीचा रंग समजू लागली. नाव निर्दोष होते, पण ऐकणाऱ्याला ते तसे पोचत नव्हते. म्हणून १९९९ मध्ये तेही बदलले गेले. २०२० मध्ये तर त्याच कंपनीने माणसांच्या त्वचेच्या चोवीस छटांची एक निराळी पेटी काढली. अंगाचा रंग एक नसतो, हे खडूंना कळले!

भारतातील वर्गांत मात्र आजही फिकट गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणणारी मुले आढळतात. शेतात राबणाऱ्या आईचे चित्र काढताना एखादे मूल तो खडू उचलते आणि आईचा सावळा चेहरा गुलाबी रंगवून टाकते. खडूवरील नावावर त्याचा विश्वास असतो. आपल्या डोळ्यांवर तेवढा नसतो. हे नुकसान कोणत्याही शालीच्या किमतीहून मोठे आहे. त्या मुलाला कोणी तरी सांगितले पाहिजे, की पेटीत आणखी एक खडू आहे; तो मातीच्या रंगाचा आहे, आणि आईचा चेहरा त्यानेच आईसारखा दिसेल.

डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि जे दिसते ते नेमके सांगावे, यासाठी मराठी भाषेने पुष्कळ साधने दिली आहेत. ज्याचा रंग निळ्याकडे थोडा झुकतो, तो निळसर. हिरव्याची मळकट छटा असेल, तर हिरवट. काळ्याची असेल, तर काळपट. तांबड्याची झाक असेल, तर तांबूस. रंग भरून असला, तर हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, निळाशार, पांढराशुभ्र. एवढ्या शब्दांची श्रीमंती असताना मराठी वाचकाने टील या शब्दापुढे दीन होण्याचे कारण नाही, आणि मराठी विक्रेत्याने यादीत केवळ उसनी नावे भरण्याचेही कारण नाही. टील हा शब्द राहू द्यावा. पण त्याच्या शेजारी 'निळसर हिरवा' असे लिहावे. ज्याला समजले नाही, त्याने 'म्हणजे कसा?' असे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न समजता मान डोलावण्यात.

त्या मुलीने पुडके आजीपुढे ठेवले आणि खाली मान घालून सारी हकिकत सांगितली. मोहरी काळी असते, म्हणून ही शाल मागविली, आणि आली ती पिवळी. आजी हसली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातील एक बरणी घेऊन आली. बरणीत लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ होती. तिने चिमूटभर डाळ मुलीच्या तळहातावर ठेवली. डाळ पिवळी होती, थेट शालीसारखी.

"अगं, मोहरीच्या पोटात पिवळंच असतं," आजी म्हणाली. "तू नुसतं साल पाहिलंस."

मुलीने तळहातावरील दाण्यांकडे पाहिले, मग शालीकडे पाहिले. आजीने शाल उलगडून अंगाभोवती घेतली. रंग तिच्या आवडीचा नव्हता. तरी थंडीचे दिवस संपेपर्यंत तिने ती रोज वापरली. पुढच्या वर्षी मुलीने पुन्हा पैसे साठविले, आणि मागणी नोंदविण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न लिहून पाठविला : "हा रंग नेमका कशासारखा?"